सत्तेचाळीस किलो आणि मागचं टायर

पहिल्या भेटीत मास्तरांनी माझ्याकडे बघितलंच नाही. वसईजवळ उमेळ्याला त्यांच्या वाडीतली मागच्या बाजूची खोली भाड्याने द्यायची आहे असं कळलं, म्हणून मी सायकल मारत गेलो होतो. इस्त्रीचा शर्ट घातला होता, केस बसवले होते, नोकरदार माणूस आहे हे दिसावं म्हणून कंपनीचं ओळखपत्र खिशाला लटकवलं होतं. मास्तर फाटकाशी आले, ओणवे झाले, माझ्या सायकलचं मागचं टायर अंगठ्याने दोनदा दाबून बघितलं आणि तिथूनच म्हणाले, "हवा कमी आहे. घाईत निघालेला दिसतोस. खोली बघून घे, पसंत पडली तर राहा."

मी पाच वर्षं राहिलो. नव्वदचं दशक सरत आलं होतं आणि उमेळ्यात केळीच्या वाड्यांच्या मधूनच चार-चार मजल्यांच्या इमारती डोकं वर काढायला लागल्या होत्या. मी साताऱ्याकडचा, गोरेगावच्या एका कंपनीत ड्राफ्ट्समन. इमारतीतला फ्लॅट मला झेपणारा नव्हता, आणि मास्तरांच्या वाडीत मोगऱ्याचा वास फुकट होता.

मास्तर एका तांत्रिक शाळेत पोरांना लेथ चालवायला शिकवत. उंच, किडकिडीत, जाड भिंगांचा चष्मा. शर्टाच्या खिशात कायम तीन वस्तू: खडूचा तुकडा, हवा मोजायचा गेज आणि एक फुगलेलं पाकीट. रविवारी चर्चमध्ये मिसाला जातानाही खडू बरोबर असायचाच, त्यामुळे त्यांच्या चांगल्या शर्टांच्या खिशांवरही पांढरा डाग असे. आंटींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, तो डाग घालवायचा नाद केव्हाच सोडला होता.

बोलायला लागले की ते सगळी दुनिया टायरांत बसवत. "पुढचं चाक नुसतं वाट विचारतं, पोचवतं ते मागचं," हे त्यांचं लाडकं वाक्य. फादरांचं प्रवचन लांबलं की घरी येताना म्हणत, "सुरुवात झकास होती, पण शेवटी मागून घसरलं." शाळेतल्या पोरांना त्यांनी आकडे दिले होते. खाली मान घालून काम करणारा तो वन फिफ्टी फाइव्ह, नुसता छाती काढून फिरणारा वन नाइन्टी फाइव्ह. माझी नेमणूक वन फॉर्टी फाइव्हवर झाली होती. लग्न झाल्यावर बढती मिळेल असं त्यांनी मला सांगून ठेवलं होतं.

हे आकडे त्यांच्या गाडीमुळे आले. घराच्या बाजूला पत्र्याच्या शेडमध्ये एक दोन माणसांची, बुटकी, लांब नाकाची विलायती स्पोर्ट्स कार होती. मुंबईतल्या एका पारशी गृहस्थांची ती. मास्तर त्यांना जुन्या गाड्यांचे न मिळणारे भाग लेथवर करून देत. म्हातारपणी त्या गृहस्थांना गाडीत खाली वाकून बसणं जमेना, तेव्हा त्यांनी ती मास्तरांच्या हवाली केली. रंग डाळिंबी. लाल म्हटलेलं मास्तरांना चालत नसे.

या गाडीचं इंजिन पुढे आणि ताकद मागच्या चाकांना. वजनाने अगदी हलकी. त्यामुळे वळणावर जरा पाय जोरात पडला की तिचं मागचं अंग बाहेर पळायचं आणि गाडी स्वतःभोवती गरकन फिरायची. तेव्हा मागे टायर कोणत्या मापाचं घालावं, हा प्रश्न. मापातला पहिला आकडा म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. एकशे पंचावन्न अरुंद, ते निसटतं. एकशे पंच्याण्णव चांगलं रुंद, पण हलक्या गाडीखाली ते तापतच नाही, आणि गार रबर रस्ता धरत नाही. शिवाय ते मडगार्डला घासतं. म्हणजे मधला कुठला तरी आकडा बरोबर असणार. मास्तर तो आकडा एकूण अकरा वर्षं शोधत राहिले.

अकराच का, ते आंटींमुळे. मी येण्याच्या सहा वर्षं आधी एका भाचीच्या लग्नाहून परतताना गावातल्या तळ्याजवळच्या वळणावर गाडी आंटींसकट गरकन फिरली आणि उलटं तोंड करून शेजारच्या केळीत जाऊन थांबली. दोन केळी आडव्या झाल्या, बाकी कुणाला काही झालं नाही. पण आंटी उतरल्या, चपला हातात घेतल्या आणि नव्या साडीत चालत घरी आल्या. त्या दिवसापासून त्या गाडीत बसल्या नाहीत. शेजारची जागा रिकामी ठेवून गाडी चालवणं मास्तरांना फार लागलं. गाडीचं मागचं अंग एकदा सरळ राहायला लागलं की ती परत बसेल, असा त्यांनी हिशेब मांडला आणि कामाला लागले. त्यांना बाकी काही नको होतं. आंटी परत डाव्या बाजूला बसायला हव्या होत्या, एवढंच.

चाचणी दर रविवारी, मिसा झाल्यावर, वसईच्या पूर्वेला एव्हरशाईन सिटीत. तेव्हा ती वसाहत बरीचशी कागदावर होती. रस्ते आधी आले होते, माणसं यायची होती. गुळगुळीत, रुंद रस्ते, मध्ये एक गोल चौक आणि चारी बाजूंना गवत. तिथला वॉचमन मास्तरांचा चाहता झाला होता. आमची गाडी दिसली की तो स्वतःच पुढे होऊन कुत्री हाकलायचा.

पहिल्या रविवारी मास्तरांनी मला चल म्हटलं तेव्हा मी खुशीत निघालो. स्पोर्ट्स कारमध्ये बसायला कुणाला आवडणार नाही? पण शेडमध्ये गेलो तर डाव्या सीटवर एक पोतं बसलेलं. पोटावरून सीटबेल्ट लावलेला.

"हे काय मास्तर?"

"आंटी," ते शांतपणे म्हणाले. "म्हणजे आंटींचं वजन. उद्या ती बसली की गाडीचा तोल बदलणार. तेव्हा आजपासून तिला धरूनच मोजायला पाहिजे. तू सायकलवरून ये मागून."

मी सायकलवरून मागून गेलो. नंतरची पाच वर्षं मी तसाच मागून जात राहिलो.

कामाची पद्धत ठरलेली. आधी मागच्या दोन्ही टायरांवर खडूने आडवी रेघ मारायची. मग मास्तर चौकाला दहा फेऱ्या मारत. थांबल्यावर रेघ कुठे पुसली ते बघायचं. मधोमध पुसली तर हवा जास्त, कडांना पुसली तर कमी, सगळीकडे सारखी पुसली तर मास्तर चष्मा काढून डोळे पुसत. रेघेची नोंद वहीत. पण सगळ्यात महत्त्वाचं काम माझं. गाडी थांबली रे थांबली की धावत जाऊन मागच्या टायरवर तळवा ठेवायचा, पोराच्या कपाळाला हात लावून ताप बघतात तसा, आणि ओरडून सांगायचं: गार, कोमट, की चटका. चटका म्हणजे टायर कामाला लागलं. "उशीर करू नकोस, रबर लगेच निवतं," असं त्यांनी मला इतक्या वेळा बजावलं होतं की पुढे पुढे मला विचार करावा लागत नसे. गाडी थांबायची आणि माझा हात टायरवर असायचा.

पोत्याचंही एक प्रकरण झालं. सुरुवातीला त्यात घरच्या शेतीचा तांदूळ होता. एका वर्षी पावसाळा संपल्यावर मास्तरांच्या नोंदी बिघडायला लागल्या. ज्या टायरने आधी रस्ता नीट धरला होता तेच दर आठवड्याला वेगळं वागायला लागलं. मास्तर हैराण. गेज बदलला, खडू बदलला, एका रविवारी तर माझ्या हातावर संशय घेतला. तीन महिन्यांनी आम्ही पोतं काट्यावर ठेवलं तर ते सोळा किलोने उतरलेलं. आंटी रोज त्यातूनच तांदूळ काढून भात लावत होत्या, आणि जेवायला मीही असायचो.

मास्तर स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. रागवायचं की नाही ते त्यांना ठरवता येत नव्हतं. "अगं, ते तुझं वजन होतं."

"माज्या नावाचा तांदूळ ना?" आंटी म्हणाल्या. "मग मीच खानार. दुसरा कोन खानार?"

त्यानंतर पोत्यात वाळू आली.

वाळू भरताना मी धीर करून विचारलं, "सत्तेचाळीस किलोच का?" कारण आंटी म्हणजे अंगापिंडाने चांगल्या भरलेल्या बाई. सत्तेचाळीस किलोंच्या आंटी मी कधी पाहिल्या नव्हत्या. मास्तरांनी इकडेतिकडे बघितलं आणि खिशातलं फुगलेलं पाकीट काढलं. आत कागदात गुंडाळलेलं एक पुठ्ठ्याचं तिकीट होतं, स्टेशनवरच्या वजनकाट्यातून पडतं तसं. कडा झिजलेल्या, आकडा फिकट: ४७. लग्न झाल्यावर पहिल्याच आठवड्यात दोघं त्या काट्यावर उभे राहिले होते, ते तिचं तिकीट.

"मास्तर, याला वर्षं किती झाली?"

"बाईमाणसाला वजन विचारू नये," ते म्हणाले. "माझ्याकडे नोंद आहे, मी नोंदीवर चालतो." तिकीट परत कागदात गेलं. इंचाच्या हजाराव्या भागासाठी पोरांच्या हातातलं काम फेकून देणारा हा माणूस, त्याने बायकोच्या वजनात तीस वर्षं एका ग्रॅमचाही बदल केला नव्हता. मी पोत्यात वाळू भरत राहिलो. माझा भात त्यांच्याच घरी शिजत होता.

टायरं हायवेवरचा एक मल्याळी टायरवाला आणून देई. मास्तर त्याला चेट्टा, म्हणजे दादा, म्हणत. कुठून कुठून जुन्या-नव्या गाड्यांची मापं गोळा करून तो मास्तरांसाठी बाजूला ठेवायचा. शेडच्या भिंतीला टायरांच्या जोड्या उभ्या असायच्या, एकशे पंचावन्नपासून एकशे पंच्याण्णवपर्यंत. चेट्टाचं मत पहिल्यापासून एकच. "मास्टर, साइज छोडो," तो म्हणायचा, "आदमी आराम से चलाएगा तो बैलगाडी का टायर भी चलेगा." मास्तर हसत आणि पुढचं माप मागत.

मला एक गोष्ट मात्र समजत नव्हती. मास्तरांकडे एक जुनी स्कूटर होती आणि आंटी तिच्या मागच्या सीटवर एका बाजूला पाय सोडून बिनधास्त बाजाराला जात. हातात मासळीची पिशवी, समोर खड्डा आला तरी चेहऱ्यावर काही नाही. अशी बाई गाडीला घाबरते? एकदा त्या ओट्यावर बसून भिजवलेले वाल सोलत होत्या. मीही मूठभर घेऊन बसलो आणि विचारलं.

"घाबरते कोन?" आंटी म्हणाल्या. मग वाल सोलता सोलता, मान वर न करता सांगितलं. "त्या दिवशी गाडी फिरली ना, केळीत गेली. माजा कोपर दाराला घासला, रक्त आलेलं. मला समजेना कुठं हाय, काय हाय. मास्तर उतरले. मी म्हटलं, आता येतील हिकडे. ते मागे गेले. वाकले. टायरला हात लावून बसले. मग उठून मला काय म्हटलं माहिताय? म्हटलं, हवा जास्त झाली."

मी वालाची सालं बघत बसलो.

"गाडी घसरते म्हनून नाय बसत असं वाटतं त्यांना. वाटू दे." त्या उठल्या. "तू सांगू नको. सांगून केलेलं मला नको."

तेव्हापासून रविवारी चौकात मला अवघडल्यासारखं व्हायला लागलं. मास्तर मागच्या टायराशी उकिडवे बसून रेघा बघायचे, आणि मला दिसायचं की ते ज्या जागी उत्तर शोधताहेत तिथेच सगळं बिघडलं होतं. दोनदा ओठावर आलं. पण आंटींनी सांगू नको म्हटलं होतं, आणि खरं सांगायचं तर मास्तरांना ते कळल्यावर त्यांचा चेहरा कसा होईल ते मला बघवलं नसतं.

मास्तर निवृत्त व्हायच्या वर्षी ट्रॅक-डे ठरला. हौशी गाडीवाल्यांचा एक क्लब होता. ते लोक घाटावरची एक बंद पडलेली विमानाची धावपट्टी एका दिवसासाठी घेत, शंकू आणि पेंढ्याचे भारे मांडून वळणांचा ट्रॅक करत, आणि ज्याला हवं त्याने आपली गाडी मनसोक्त पळवावी. शर्यत नाही, बक्षीस नाही. मास्तरांना दर वर्षी बोलावणं यायचं आणि दर वर्षी ते कळवायचे, मागचं टायर अजून ठरलं नाही. या वर्षी त्यांनी होकार कळवला. टायर ठरलं होतं: एकशे पंचाहत्तर, हवा सव्वीस. खडूची रेघ सलग चार रविवार सारखी पुसली होती आणि चारही वेळा मी "चटका" म्हणून ओरडलो होतो.

त्या संध्याकाळी जेवताना मास्तर आंटींना म्हणाले, "तिथे चार लोकांसमोर पाच फेऱ्या मारेन. एकदाही घसरली नाही, तर येताना बसशील?"

आंटींनी माझ्या ताटात भात वाढला, त्यांच्या वाढला, मग म्हणाल्या, "बघू."

अकरा वर्षांत एवढंही त्या बोलल्या नव्हत्या. मास्तर दोन घास जास्त जेवले.

आम्ही पहाटे निघालो. पुढे मास्तर आणि पोतं, मागे चेट्टाच्या व्हॅनमध्ये चेट्टा, आंटी, मी, जेवणाचे डबे आणि राखीव टायरं. ट्रॅकवर पोचलो तर तिथे झगमगीत गाड्या, झगमगीत पोरं, एकेकाच्या मागे हातभर रुंद टायरं. "वन नाइन्टी फाइव्ह," मास्तर माझ्या कानात म्हणाले. त्यांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. खिशावर डाग होताच.

गाड्या तपासायला क्लबच्या एक बाई होत्या, डोक्यावर टोपी, हातात पॅड. बोलणं पुण्याचं, स्वच्छ. त्यांनी ब्रेक बघितले, बेल्ट बघितले, टायरांचं कौतुक केलं, आणि मग त्यांचं लक्ष डाव्या सीटकडे गेलं.

"काका, हे काढावं लागेल. गाडीत सामान चालत नाही."

"सामान नाही. बेल्ट लावलाय त्याला."

"हो, पण पोतं आहे ना ते. माणूस बसला तर चालेल. पोतं नाही."

"याच्याशिवाय मी ही गाडी अकरा वर्षं चालवलेली नाही," मास्तर म्हणाले. "माझी सगळी मापं या सत्तेचाळीस किलोंवर आहेत. टायर, हवा, सगळं."

"सत्तेचाळीसच का पण?" बाईंनी सहज विचारलं.

मास्तरांना आकड्याचा पुरावा द्यायची सवय. त्यांनी पाकीट काढलं, कागद उलगडला आणि तिकीट बाईंच्या पॅडवर ठेवलं. "मिसेसचं वजन आहे. अधिकृत."

आंटी डबे घेऊन माझ्या शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी मान पुढे करून तिकीट बघितलं. आधी त्यांना समजलं नाही. मग समजलं. तो काटा, तो आठवडा, त्या वेळच्या त्या स्वतः. त्यांनी ते तिकीट टोपीवाल्या बाईंच्या पॅडवरून उचललं, उलटसुलट केलं, आणि फिकट आकड्यावरून अंगठा फिरवला.

इकडे मास्तरांचा चेहरा उतरला होता. ते बेल्ट सोडवून पोतं बाहेर काढत होते. "मग राहू द्या," ते त्या बाईंना म्हणाले. "पुढच्या वर्षी बघू. रिकाम्या सीटवर टायर परत ठरवावं लागेल." ते हे रागाने नाही, अगदी सरळ बोलले, आणि मला त्यांचं फार वाईट वाटलं. पुढच्या वर्षाला ते साठीला टेकले असते.

"हे धर." आंटींनी डबे माझ्या हातात दिले. पदर कमरेला खोचला. "मी बसते."

मास्तर पोत्यासकट थांबले.

"बघता काय? पोत्यापेक्षा मी बरी हाय ना?" मग तिकीट त्यांच्या खिशात खडूशेजारी सरकवत हलकेच म्हणाल्या, "मास्तर, ह्यात वीस मिळवा."

मास्तरांची जी तारांबळ उडाली ती बघण्यासारखी होती. वीस किलो वाढले म्हणजे मागची हवा बदलायला हवी, कदाचित टायरच बदलायला हवं. चेट्टा जॅक घेऊन धावला. पण आमचा नंबर पुकारला गेला होता आणि बाई घड्याळ दाखवत होत्या. आंटींनी हेल्मेट घातलं आणि दार लावून घेतलं. "चला. किती वेळ बसू?"

बाकीच्यांना फक्त एक जुनी गाडी ट्रॅकवर जाताना दिसत होती. मला माहीत होतं की गाडी सरळ राहिली तर प्रश्नच नाही. पण फिरली, तर मास्तर उतरून काय करणार? चाळीस वर्षांची सवय आणि अकरा वर्षांची वही. ते मागेच जाणार. आणि मग आंटी पुन्हा कधीही, कुठल्याही टायरावर, बसणार नाहीत. मला वाटलं धावत जाऊन काचेतून सांगावं. आंटींनी हेल्मेटमधून माझ्याकडे असं बघितलं की मी जागचा हललो नाही.

पहिली फेरी मास्तरांनी फादरांना घेऊन निघाल्यासारखी मारली. दुसरीला जरा रंग चढला. तिसऱ्या फेरीला गाडी आमच्या समोरून गेली तेव्हा आंटींचा एक हात दारावर होता आणि त्या काही तरी बोलत होत्या, आणि मास्तर हसत होते. त्यांना गाडी चालवताना हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. पोत्याशी कोण हसणार.

"अच्छा चलाता है," चेट्टा म्हणाला. "आराम से."

चौथ्या फेरीला ते आरामात राहिले नाहीत. शेवटच्या वळणावर मास्तरांनी पाय जरा जास्त दिला. मागचं अंग बाहेर निघालं, सावरलं असं वाटलं, आणि मग गाडीने अख्खी एक गिरकी घेतली आणि पार्श्वभागाने पेंढ्याच्या भाऱ्यात जाऊन बसली. धुळीचा लोट उठला. इंजिन बंद पडलं.

मी धावलो. आयुष्यात इतक्या जोरात धावलो नसेन. धुळीत काही दिसत नव्हतं. हाताला गाडी लागली. धूळ खाली बसायला लागली तेव्हा मी मास्तरांना शोधायला वर बघितलं.

मास्तर डाव्या दाराशी गुडघे टेकून बसले होते. हेल्मेट डोक्यावर तसंच. आंटींचा डावा हात आपल्या दोन्ही हातांत धरून कोपर उलटसुलट बघत होते. अकरा वर्षांपूर्वी खरचटला होता तोच कोपर. तो त्यांच्या लक्षात होता. "लागलं?" ते विचारत होते. "इथे लागलं का? बोल ना. कुठे लागलं?" मागे काय झालंय तिकडे त्यांनी एकदाही मान वळवली नव्हती.

"नाय लागलं," आंटी म्हणाल्या. मग, "जा, बघा तुमचं टायर."

"असू दे," मास्तर म्हणाले.

आंटींनी हेल्मेट काढलं, डोळे पुसले आणि मागे वळल्या. तेव्हा मी त्यांना दिसलो. मी मागच्या टायराशी ओणवा होतो आणि माझा तळवा रबरावर होता. कधी ठेवला, मला माहीत नाही. पाच वर्षांची सवय.

"काय रे," आंटी म्हणाल्या, "तुजं लग्न व्हायचंय ना अजून?"

"हो."

"मग ध्यानात ठेव. आधी हिकडे यायचं."

मी हात काढला. चांगला चटका बसला होता, पण ते ओरडून सांगायची माझी हिंमत झाली नाही.

येताना आंटी गाडीत बसल्या आणि पोतं व्हॅनमध्ये माझ्या शेजारी आलं. पाच फेऱ्यांचं कुणी नाव काढलं नाही. वसईपर्यंत गाडी इतकी हळू चालली की चेट्टाला दोनदा थांबून वाट बघावी लागली. पुढच्या आठवड्यात मास्तरांनी सगळी टायरं चेट्टाला परत दिली आणि मूळचं एकशे पंचावन्न पुन्हा चढवलं. पोत्यातली वाळू आंटींनी कुंड्यांना वापरली.

त्याच रविवारी, मिसाहून परतताना, दोघं स्टेशनवरच्या काट्यावर जाऊन आली. मास्तरांनी पाकीट उघडलं तेव्हा मला आत दोन तिकिटं दिसली, एक जुनं आणि एक कोरं करकरीत. मी सवयीने वही उघडली, पेन काढलं आणि नवा आकडा विचारला.

मास्तरांनी पाकीट मिटून खिशात ठेवलं.

"ते वहीत लिहायचं नाही," ते म्हणाले.